बेड बी बेकु

कलबुर्गीच्या जेलात नको म्हणायच्या तीन तऱ्हा होत्या. शिपाई दखनी बोलायचे, त्यांचं ‘नक्को’. कन्नड बोलणाऱ्यांचं ‘ब्याड’. आणि बिदर-आळंदकडच्या मराठी माणसांचं साधं ‘नको’. मी धुळ्याकडचा, साक्री तालुक्यातला. पाच महिन्यांत मला तिन्ही तोंडपाठ झाल्या होत्या. नको म्हणायची चौथी तऱ्हा मात्र मला कुणी सांगितली नव्हती, आणि तिच्यापायी एका म्हाताऱ्याची सुटका मी माझ्या तोंडानं जवळजवळ रद्द करून टाकली.

मी आत कसा, ते आधी सांगून टाकतो. सहावीत शाळा सुटली. म्हणजे मीच सोडली. गुणाकारापेक्षा क्लीनरचं काम सोपं वाटलं. पुढं टेम्पो चालवायला लागलो. स्वभाव काळजीचा. गाडी उभी करून दहा पावलं गेलो की हँडब्रेक ओढला का ते बघायला परत यायचो. एवढी काळजी करूनही हैदराबादला कांदा नेताना हुमनाबादजवळच्या एका वळणावर माझ्या गाडीखाली एक माणूस गेला. त्याच्याबद्दल मी इथं जास्त लिहिणार नाही. या लिहिण्यात जे हसण्यासारखं आहे, ते त्याला बाजूला ठेवून आहे. कोर्टानं दीड वर्ष दिलं. ते कमी की जास्त, हे मी आजवर ठरवलेलं नाही.

घर लांब. भेटायला कोण येणार? आठवड्याला बायकोचा फोन, एवढंच. पहिला महिनाभर मी भिंतीकडं तोंड करून बसायचो. मग एके सकाळी नळावर एक उंच म्हातारा ओट्यावर बसलेला दिसला. बसला होता, पण उठता येईना. चारपाच जण त्याला वळसा घालून पाणी भरत होते. मी काखेत हात घालून त्याला उचललं, जसं जॅक लावून गाडी उचलतात तसं, हळूहळू. शिपायानं ते पाहिलं.

“क्या रे डायवर, ताकद है की तेरे में. आजसे ये बुड्डा तेरे कने. और वो मास्तर भी.”

अशी मला नोकरी लागली. पगार नाही, पण माणसाला सकाळी उठायला कारण पाहिजे ते मिळालं. त्या शिपायाचे उपकार मी आजही मानतो.

उंच म्हातारे म्हणजे अप्पा. मादन हिप्परग्याचे. वय अठ्ठ्याहत्तर, गळ्यात लिंग, कन्नड आणि मराठी दोन्ही घरच्या. बांधावरून भावकीत कुऱ्हाडी निघाल्या, त्यात चुलतभाऊ मेला, जन्मठेप झाली, त्याला चौदा वर्षं होऊन गेली होती. गुडघे गेलेले, डोळ्यांत मोतीबिंदू, उजवा कान पूर्ण बंद, डावा अर्धा उघडा. ऐकू आलं नाही की ते “व्हय” म्हणायचे. ऐकू आलं तरी “व्हय”च म्हणायचे. “अप्पा, पाऊस येतोय.” “व्हय.” “अप्पा, तुमच्या ताटात माशी आहे.” “व्हय.” खरंच काही विचारलं असेल तर मात्र ते माझ्याकडं बघायचे, म्हणजे उत्तर मी द्यायचं.

मास्तर खटकचिंचोळीचे. प्राथमिक शाळेतून निवृत्त झालेले, वय बहात्तर. ते कशात आत आले ते त्यांनी सांगितलं नाही आणि मी विचारलं नाही. आत विचारायची रीत नाही. त्यांचे कान लख्ख, डोळे लख्ख, पण हात सारखे थरथरायचे. त्यांना चहा अर्धाच द्यायचा, पेला भरला तर निम्मा सदऱ्यावर. बटणं मी लावायचो. बटणं लावताना ते छताकडं बघायचे आणि मी बटणाकडं. दोघांनाही लाज कमी वाटावी म्हणून ही सोय आपोआप झाली.

रोज सकाळी बरॅकचं दार उघडलं की अप्पा मास्तरांना म्हणायचे, “जयभीम, मास्तर.” आणि मास्तर म्हणायचे, “शरणु, अप्पा.” एकमेकांचा नमस्कार एकमेकांना द्यायचा, असं त्यांचं ठरलेलं होतं. मग दिवसभर भांडण.

कामं हळूहळू कळत गेली. अप्पांना उठवताना आधी पाय सरळ करायचे, मग ‘येरडु’, म्हणजे दोन, म्हटल्यावर उचलायचं. काळी बादली उन्हात ठेवली की अंघोळीपुरतं पाणी कोमट होतं. चष्म्याला दोरा बांधायचा. नखं गुरुवारी. पण जमिनीवर झोपणं हा अप्पांचा मोठा त्रास. फरशीवर घोंगडी, त्यावरून उठायला दहा मिनिटं लागायची. मी ठरवलं, यांना बेड पाहिजे. येईल त्या माणसाला मी सांगायला लागलो. शिपायाला, डॉक्टरच्या माणसाला, रोटी वाटणाऱ्याला. “अप्पांना बेड द्या हो, बेड.” सगळे माझ्याकडं विचित्र बघायचे. मला वाटायचं, माझं मराठी धुळ्याकडचं म्हणून.

अप्पांची एक लेक होती. राजेश्वर गावात दिलेली. मी तिला अक्का म्हणायचो. महिन्यातून एकदा ती मुलाखतीला यायची. मुलाखत म्हणजे काचेच्या दोन बाजू आणि मध्ये फोन. अप्पांना फोनवर काहीच ऐकू यायचं नाही, म्हणून शिपायानं मला शेजारी उभं राहायची सूट दिली होती. रिसीव्हर माझ्या कानाला, माझं तोंड अप्पांच्या डाव्या कानाला. बापलेकीचं बोलणं माझ्यातून जायचं.

“त्येन्ला म्हनावं, नवा संडास बांधलाय, खुर्चीचा. बसायला उंच,” अक्का म्हणाली.

मी कानात ओरडलो, “अप्पा! उंच संडास बांधलाय!”

सगळी मुलाखतखोली आमच्याकडं बघायला लागली.

“व्हय,” अप्पा म्हणाले.

“आनि बाजूला धरायला दांडी बसवलीय. लोखंडाची. गवंडी म्हनला कामून पायजे, मी म्हनलं माझा बाप यायलाय.”

“अप्पा! दांडीसुद्धा आहे!”

काचेपलीकडं अक्का पदरानं तोंड पुसत होती. मग तिनं मला सांगितलं की पंच्याहत्तरीच्या वरच्या कैद्यांच्या सुटकेचे कागद वर पाठवायचे आहेत, साहेब बरॅकमध्ये येऊन एकेकाला विचारणार आहे, तिनं बाहेरून अर्ज दिला आहे, अप्पांनी फक्त हो म्हणायचं. “तेवढं तुमी बघा, भाऊ.”

“बघतो की अक्का,” मी म्हणालो. “त्यात काय बघायचं?”

चारच दिवसांनी साहेब आला. नवीन, मैसूरकडून बदलून आलेला. गोरा, घाईतला, हातात लांब रजिस्टर. त्याचं कन्नड असं गुळगुळीत की एक शब्द दुसऱ्यावरून घसरून जायचा. मास्तर तेव्हा संडासाच्या रांगेत होते. मी आणि अप्पा दोघंच. साहेबानं अप्पांचं नाव वाचलं, अप्पा “व्हय” म्हणाले, आणि मग साहेबानं विचारलं, “बिडुगडे बेका?”

अप्पांनी माझ्याकडं बघितलं.

मला ‘बेका’ कळत होतं. बेका म्हणजे पाहिजे का. आणि त्याच्या आधी काहीतरी ‘बिडु, बेडु’ असं. माझ्या डोक्यात महिनाभर एकच गोष्ट फिरत होती. शेवटी कुणीतरी ऐकलं! बेड पाहिजे का, असं विचारतोय!

“बेड!” मी म्हणालो. “बेड, साहेब, बेड!”

साहेबाच्या भुवया वर गेल्या. “बेडवा?”

“हां, बेडवा! बेडवा!” मी फरशी दाखवली, अप्पांचे गुडघे दाखवले, आणि हात जोडले.

साहेबानं अप्पांकडं बघितलं. अप्पा म्हणाले, “व्हय.”

त्यानं रजिस्टरात काहीतरी लिहिलं, खांदे उडवले आणि पुढं गेला. मी अप्पांच्या कानात ओरडलो, “काम झालं!” आणि त्या दिवशी दोन रोट्या जास्त खाल्ल्या.

दुपारी अंगणात कडुलिंबाखाली बसलो असताना मी मास्तरांना सगळं रंगवून सांगितलं. साहेब काय म्हणाला, मी काय म्हणालो. मास्तर हसायला लागले. एवढे हसले की हात थरथरायचा थांबला असं वाटलं. मग माझा दंड धरला.

“अरं ड्रायव्हर. बिडुगडे म्हंजे सुटका.”

“मग बेड?”

“आपल्याकडं नको म्हनायला ब्याड म्हंत्यात. मैसूरकडं त्यालाच बेड म्हंत्यात. सुटका पायजे का म्हनून इचारलं त्येनं, आन् तू नको नको म्हनून नाचलास की रं.”

मला आठवतंय, माझ्या पायाखाली निंबोळ्या होत्या आणि मी त्या मोजायला लागलो. काय करावं कळेना तेव्हा मी मोजतो. गाडी लावून उतरल्यावर हँडब्रेक तरी परत जाऊन बघता येतो. इथं कुठं परत जाणार? रजिस्टर ऑफिसात गेलेलं. यादी शनिवारी निघणार असं शिपाई म्हणत होता. तिकडं राजेश्वरला अक्कानं दांडी बसवून ठेवलेली.

“आधी अप्पाला सांग,” मास्तर म्हणाले.

मी डाव्या बाजूला बसलो आणि कानात सांगितलं. दोनदा सांगावं लागलं. अंगणातल्या सगळ्यांना कळल्यावर अप्पांना कळलं.

मला वाटलं, मारतील. त्यांनी चष्मा काढला, सदऱ्याला पुसला, परत घातला.

“बरं झालं,” ते म्हणाले. “लेकीच्या घरी जाऊन जन्मभर ऱ्हायाला मी काय घरजावई हाव का?”

आता मला रडायचं का हसायचं कळेना. मास्तर सरसावले.

“चौदा वर्सं सरकारच्या घरी ऱ्हायलात, रोटी खाल्लात, तवा न्हाई लाज वाटली. लेकीच्या घरी वाटायलीय व्हय?”

“लेकीच्या दारातलं पानी बी पीत न्हाई बाप. आमच्यात रीत हाय.”

“रीत! बांधावर कुऱ्हाड घिऊन गेलात तवा कुटं हुती रीत?”

हे जरा जास्तच झालं. मी निंबोळ्या मोजत राहिलो. बऱ्याच वेळानं अप्पा म्हणाले, “दांडी लोखंडाची हाय म्हनलास?”

“लोखंडाची.”

“गंजल ती. रंग लावायला पायजे.”

मास्तरांनी मला डोळा मारला. “कागद आन जा.”

कागद मिळाला, पेन मिळालं, पण लिहायचं कुणी? अर्ज कन्नडात पाहिजे. अप्पांना कन्नड येतं, पण दिसत नाही. मास्तरांना येतं आणि दिसतं, पण हात चालत नाही. माझा हात चालतो, पण मला कन्नडात टेम्पोच्या पाट्यांवरचे आकडेसुद्धा धड वाचता येत नाहीत. सहावीत शाळा सोडलेल्याच्या हातून अठ्ठ्याहत्तर वर्षांच्या माणसाची सुटका लिहून घ्यायची होती. मास्तरांची नोकरी परत सुरू झाली. त्यांनी काडीनं मातीत अक्षर काढायचा प्रयत्न केला, पण काडी थरथरून ‘ब’ची गांडुळं झाली. मग ते तोंडानं सांगायला लागले.

“ग म्हंजे घोड्याची नाल, वर शेंडी. काढ. न्हाई, नाल पालती. तुजा घोडा काय पाटीवर चालायलाय का?”

मी पालती काढली.

“आता बेकु, म्हंजे पायजे. उकार दे.”

मी मराठीत देतो तसा खाली दिला.

“अरं, कन्नडात उकार पायाशी न्हाई बसत. शेजारी बसतो, शेजाऱ्यावानी. खोडून काढ.”

तीन दुपारी लागल्या. कागद दोनदा फाटला. मधेच अप्पा विचारायचे, “काय लिवायलाव?” आणि आम्ही कानात सांगायचो, “सुटका पाहिजे म्हणून!” मग शेजारच्या बरॅकमधनं कुणीतरी ओरडायचं, “आम्हालाबी पायजे!”

शेवटी एवढंच लिहून झालं: माझी सुटका नको असं माझ्या माणसानं चुकून सांगितलं, मला सुटका पाहिजे, पाहिजे, पाहिजे. तिसरं ‘पाहिजे’ मी आपल्या मनानं घातलं, कारण तोवर माझा ‘कु’ चांगला यायला लागला होता. खाली अप्पांचा अंगठा. ऑफिसातल्या कारकुनानं तो कागद आडवा धरला, उभा धरला. “हे पोराकडून लिहून घेतलं का?” म्हणाला. मग म्हणाला, “रजिस्टरात मी काही बदलू शकत नाही. शनिवारी साहेब परत येईल, कैद्यानं स्वतःच्या तोंडानं सांगावं. स्वतःच्या.” ‘स्वतःच्या’ म्हणताना त्यानं माझ्याकडं बघितलं. सगळ्या ऑफिसला माहीत झालेलं.

शनिवारपर्यंत मास्तरांनी अप्पांची शिकवणी घेतली. “साहेब इचारल, बिडुगडे बेका? तुमी काय म्हनायचं?”

“व्हय.”

“व्हय न्हाई! त्येला मराठी कळत न्हाई. बेकु म्हना.”

“बगू की,” अप्पा म्हणायचे.

हे ‘बगू की’ ऐकलं की मी शिकवणी परत पहिल्यापासून घ्यायला लावायचो. ऐकू न येणं आणि ऐकायचं नसणं, यातला फरक त्या माणसाच्या तोंडावर कधी दिसायचा नाही. त्यांना खरंच जायचं होतं की नव्हतं? मला जे वाटत होतं तेच त्यांना वाटायला पाहिजे, असं कुठं आहे? आत पाणी आयतं, मास्तर भांडायला, मी उचलायला. बाहेर एक दांडी आणि एक रीत.

शनिवारी साहेब आला. मला सहा फूट लांब उभं केलं. मास्तरांनी बजावलं होतं, “तोंडावर हात ठिव. हात काडलास तर बगच.” मी दोन्ही हात ठेवले. शिपाई हसत होता.

साहेब खाली वाकला, डाव्या कानाशी. कुणीतरी त्याला सांगितलं असणार. हळू, एकेक अक्षर सुटं करून म्हणाला, “बि-डु-ग-डे. बेका?”

अप्पांनी माझ्याकडं बघितलं, नेहमीसारखं. मी दोन्ही हातांनी तोंड दाबून उभा, डोळे एवढे मोठे. त्यांनी मास्तरांकडं बघितलं. मास्तर छताकडं बघत होते, बटणं लावताना बघतात तसे.

“दांडी बसवलीय म्हंत्यात,” अप्पा मराठीत म्हणाले. कुणाला म्हणाले कोण जाणे.

“अंद्रे?” साहेबानं विचारलं. म्हणजे काय?

अप्पांनी घसा साफ केला.

“बेकु,” ते म्हणाले. मोठ्यानं, जसं शेतातून हाक मारावी तसं. साहेबानं पेन उघडलं. माझ्या डोळ्यांतून पाणी आलं आणि ते माझ्याच हातावर पडलं. तेवढ्यात अप्पांना काहीतरी आठवलं. “आनि तवर,” ते माझ्याकडं बोट दाखवून म्हणाले, “ह्यो महिनाभर बोंबलायलाय, बेड बी बेकु.”

साहेबाचं पेन थांबलं. “बेका? बेडवा?”

“बेड बी बेकु!”

नको पण पाहिजे! साहेबानं रजिस्टर मिटलं. मी तोंडावरचे हात काढून कपाळाला लावले. मास्तर पुढं झाले आणि आयुष्यभर वर्गात वापरलेल्या आवाजात म्हणाले, “कॉट, सर. कॉट. मलगोद कॉट.” म्हणजे झोपायची कॉट. आणि थरथरत्या हातांनी हवेत चार पाय काढून दाखवले.

साहेब आधी शिपायाकडं बघत होता. शिपाई खाली बघून हसत होता. मग साहेबही हसला. अप्पांना हसू ऐकू आलं नाही, पण दिसलं असावं. ते म्हणाले, “व्हय.”

कॉट आठ दिवसांत आली. सुटकेचा कागद बंगळूरला गेला आणि तिथंच मुक्कामाला राहिला. माझी शिक्षा आधी संपली. निघायच्या दिवशी मी माझ्या जागी आलेल्या माणसाला सगळं दाखवलं. काळी बादली, येरडु म्हटल्यावर उचलायचं, मास्तरांचा अर्धा चहा, बटणं लावताना कुठं बघायचं. तो म्हणाला, “एवढं काय त्यात?” मला वाटलं, हा बरा आहे, काळजी करत नाही. मग वाटलं, काळजी करत नाही म्हणजे बरा कसा?

मी साक्रीला परत गेलो. गाडी सोडली, बाजार समितीत हमाली धरली. चार महिन्यांनी अक्काचा फोन. “भाऊ, मंगळवारी सोडायलेत. त्येंनी निरोप धाडलाय, ड्रायव्हर न्हाई आला तर गाडीत चढनार न्हाई म्हनून. गुडघ्याचं कारन सांगायलेत.”

रात्रभर एसटीत बसून गेलो. जेलच्या दारात अप्पा आले. बाहेरच्या उजेडात लहान दिसत होते. मी काखेत हात घातले, ‘येरडु’ म्हटलं, जीपमध्ये बसवलं. चालवायला अक्काचा दीर. मी मागं.

हुमनाबादचा रस्ता लागला. ते वळण आलं. मी खाली बघत हात जोडले. अप्पांना धड दिसत नाही, ऐकू येत नाही, पण कसं कळलं कोण जाणे. ते दिराला म्हणाले, “जरा हळू घे रं, बाबा.” जीप हळू झाली. वळण गेलं.

“मास्तर काय म्हणाले?” मी पुढं गेल्यावर कानात विचारलं.

“शरणु म्हनले. मी जयभीम म्हनलो. मग म्हनले, तिकडं भांडायला कोन हाय तुमाला, बगा कुनीतरी.” मग ते म्हणाले, “नवा माणूस बटनं उलटी लावायलाय त्येंची.”

राजेश्वरला पोचलो तेव्हा अक्का दारात तांब्या घेऊन उभी होती. अंगणात शेजारीपाजारी जमलेले. कोपऱ्यात नवा संडास, दार उघडं ठेवलेलं, लोकांना बघायला. दांडी हिरव्या रंगाची.

मी अप्पांना उंबऱ्यापर्यंत आणलं. ते तिथं थांबले. अक्कानं तांब्या पुढं केला.

“अप्पा, पानी घ्या.”

त्यांनी तांब्याकडं बघितलं. दाराच्या चौकटीकडं बघितलं. बाप लेकीच्या दारात पाणी पीत नाही. अक्काचा हात तसाच पुढं. मग अप्पांनी, नेहमीसारखं, माझ्याकडं बघितलं.

मी दोन्ही हात तोंडावर ठेवले.

ते माझ्याकडं जरा वेळ बघत राहिले. मग गालात हसले.

“व्हय,” म्हणाले, आणि तांब्या घेतला. निम्मं पाणी सदऱ्यावर सांडलं. अक्का पुसायला पुढं झाली, तर म्हणाले, “ऱ्हाऊ दे. आधी ती दांडी दाखव. हिरवा रंग कामून दिलास?”